पाणी देऊ नये

ते पातं तिच्या टेबलावर आलं एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, आणि सोबत तीन प्रतींत पावती. पावतीवर सह्या झाल्याशिवाय भांडारपाल चादरीची गाठ सोडायला तयार नव्हता. संग्रहालयात त्याला सगळे 'तीनप्रती' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई.

"आत काय आहे ते आधी बघू तरी दे," ती म्हणाली.

"सही केली की मग बघतच बसायचंय तुम्हाला."

"आणि आत झाडूचा दांडा निघाला तर?"

"तर तुमच्या नावावर एक झाडूचा दांडा. पुरातन."

तिनं तीनदा सही केली. तळघरातल्या त्या खोलीत ती बावीस वर्षं जुन्या लोखंडावरचा गंज काढत होती, आणि वरच्या मजल्यांवर तिचं नाव 'गंजबाई' पडलं होतं. खोलीला छतालगत एकच लांबट खिडकी होती. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत, आणि दिवसभराचा उजेड त्या पायांमधून गाळून आत येई. कोपऱ्यात दगडी मोरी, मोरीवर एक नळ. बाकी तेलाचा वास आणि शांतता.

चादर सुटली आणि तिचा हात थबकला. सव्वादोन हात लांब, जरासं वाकलेलं, मूठ निखळलेलं पातं. टोकापासून वीतभर अंतरावर धारेला एक खाच, तांदळाच्या दाण्याएवढी. हे पातं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण ती खाच तिला पाठ होती. लहानपणी घरात कशावरूनही भांडण होवो, ते शेवटी या खाचेपर्यंत यायचंच. "त्या खाच पडलेल्या मेल्या तलवारीनं माझं घर खाल्लं," आई म्हणायची.

एकतीस वर्षांपूर्वी याच टेबलावर हेच पातं तिच्या बाबांना साफ करायला दिलं होतं. बाबा त्या काळातले नावाजलेले कारागीर. चांगलं जुनं पोलाद घासून स्वच्छ केलं आणि त्याला हिराकसाचा द्रव लावला, की वर काळपट राखाडी रंग चढतो आणि त्या रंगात पांढुरक्या लहरी उमटतात, तळ्यावर वारा उठावा तशा. या लहरींना कारागीर 'पाणी' म्हणतात. पोलाद तापवून विझवायचं, त्याला 'पाणी देणं' म्हणतात. विझवल्यावर पोलादात जो कस येतो, तेही पाणीच. एका शब्दावर सगळा धंदा चालतो.

बाबांनी ते पातं नऊ दिवस ठेवून घेतलं आणि दहाव्या दिवशी परत केलं. पूर्वीच्या लहरी गेलेल्या, पातं कोऱ्या पत्र्यासारखं पांढरं. काय झालं म्हणून विचारलं, तर बोलले नाहीत. चौकशी बसली, तिथंही बोलले नाहीत. लोखंड कुठलं नि जस्त कुठलं हे ज्यांना ओळखता येत नव्हतं अशा तिघांनी तासाभरात 'निष्काळजी' असा शेरा मारला, चहा घेतला आणि उठले. पुढची अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्या माणसानं संग्रहालयाच्या दारांच्या पितळी मुठी घासल्या. चौकशीचा तो कागद अजून कपाटात सुखरूप आहे. असल्या कागदांना वाळवीही लागत नाही.

संचालक त्याच दुपारी खाली आले. त्यांना फीत कापायची फार हौस, म्हणून ते 'फीतसाहेब'. हे मात्र त्यांच्या पाठीमागे.

"बाई, पुढच्या बुधवारी नव्या दालनाचं उद्घाटन. हे पातं मधोमध, काचेच्या पेटीत. याला पाणी दिसलं पाहिजे."

"आत असलं तर दिसेल, साहेब. प्रयत्न करते."

"प्रयत्न सगळेच करतात. मंगळवारपर्यंत नाही आलं तर मी बाहेर पाठवून यंत्रावर घासून घेतो. आरशासारखं. लोकांना चकाकी लागते."

"यंत्राला लावलंत तर वरचा थरच जाईल. मग पुढं कधीच..."

"मग ही पाटी." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

'पूर्वीच्या निष्काळजी हाताळणीमुळे या पात्याचे पाणी नष्ट झाले आहे.'

तिनं तो दोनदा वाचला. "साहेब, बाबा अजून आहेत. घरी आहेत."

"नाव कुठं घातलंय?" फीतसाहेब मोठ्या मनानं म्हणाले. "आणि तुम्हालाच देतोय ना काम? दुसऱ्या कुणाला देता आलं असतं."

ते गेले. कागद राहिला. तिनं तो खिळ्यानं भिंतीला ठोकला, समोरच, मान वर केली की दिसेल असा.

काम सुरू करण्याआधी जुनी कामवही बघायची हा तिचा शिरस्ता. तीनप्रतीनं वही आणली, आणि हातातून सोडायची नाही असा त्याचा नियम असल्यामुळे स्वतःच उघडून धरली. पात्याच्या नावावर दोनच नोंदी होत्या. पहिली, फार जुनी: 'कोरड्या विहिरीच्या तळाशी सापडले. ते टाकले गेले त्या सालापर्यंत विहीर कधी आटली नव्हती, असे समजते.' दुसरी बाबांच्या अक्षरात. बाबांच्या लिहिण्याची एक खोड होती: 'पाणी' लिहिताना दुसरी वेलांटी ते मागं ओढत नेत, साऱ्या शब्दावर छत धरल्यासारखी. त्या छताखाली तीन शब्द होते. 'पाणी देऊ नये.'

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "हे पोलाद परत तापवलं तर तडकेल. म्हणून पुढच्या कारागिराला सांगून ठेवलंय. बघ, निष्काळजी माणूस असं लिहितो का?"

"तापवण्याचं कुठं लिहिलंय?" तीनप्रती म्हणाला. "पाणी देऊ नये म्हणजे पाणी देऊ नये. लहान पोरालासुद्धा कळेल."

"अरे, आमच्या धंद्यात त्याचा अर्थ वेगळा असतो."

"तुमच्या धंद्यात सरळ शब्दाला वाकडं करायची खोडच आहे, ताई." आणि वही बगलेत मारून तो गेला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबा नेहमीच्या खुर्चीत बसले होते, डाव्या हाताशी काचेचा मोठा जग. चौदा महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हापासून उजवा हात निर्जीव होऊन मांडीवर पडलेला, आणि बोलणं दिवसाकाठी चार-पाच शब्दांचं. तहान मात्र जुनी. मुठी घासायच्या काळातच लागलेली. दर दहा मिनिटांनी घोट. साखर तपासून झाली, मूत्रपिंडं तपासून झाली. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, पिऊ द्या. जगाला ते दुसऱ्या कुणाचा हात लावू देत नसत. एकदा तिनं नुसता धुवायला उचलला तर म्हातारा लहान मुलासारखा रडला होता.

"बाबा, ते पातं माझ्याकडे आलंय," तिनं सांगितलं. "खाच असलेलं."

घोट घशातच अडकला. त्यांनी जग खाली ठेवला. मग म्हणाले, "पाणी..."

"आहे, बाबा. आत असणारच. मी बाहेर काढते."

"देऊ... नकोस."

"मी कुठली देतेय? भट्टी आहे का माझ्याकडे?" ती हसली. "वाचलं मी तुम्ही लिहिलेलं."

बाबांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. शब्द शोधताना त्यांची हनुवटी थरथरत होती. पण शब्द आला नाही, आणि त्यांनी जग तोंडाला लावला. दोघं एकाच धंद्यातले. दुसरं कुणी असतं तर त्या तीन शब्दांचा सरळ अर्थ घेऊन मोकळं झालं असतं.

मंगळवार साफसफाईत गेला. स्पिरिटनं जुना मेणाचा थर उतरवला. बांबूच्या टोकदार काडीनं खाचेतला गंज कोरून काढला. मग तेल आणि बारीक पॉलिशपेपर, बारीकहून बारीक, पात्याच्या लांबीत एकाच दिशेनं, खांदा भरून येईपर्यंत. बुधवारी पातं असं स्वच्छ झालं की खिडकीतले पाय त्यात चालताना दिसू लागले. तिनं प्लास्टिकच्या नळीला खालून बूच मारून तिच्यात हिराकसाचा द्रव भरला, पातं आत उभं सोडलं आणि पन्नास आकडे मोजले. बाहेर काढलं. लांबट ट्रेमध्ये पाणी भरून ठेवलं होतं, त्यात बुडवून धुतलं.

काही नाही. कोरंच्या कोरं.

परत पन्नास. परत धुतलं. काही नाही. मग शंभर. मग दोनशे. तिनं द्रवावर संशय घेतला आणि जेवणाच्या डब्यातली सुरी त्यात बुडवली. सुरी क्षणात काळी पडली. पातं तसंच, कुणीतरी तोंड फिरवून बसावं तसं. सात वेळा झालं. सातव्या खेपेला तिनं फडकं भिंतीवर भिरकावलं. ते बरोब्बर त्या पाटीच्या कागदावर जाऊन आपटलं आणि कागद जागचा हलला नाही.

त्यात ट्रे गळका निघाला. सकाळी काठोकाठ भरलेला, दुपारी अर्धा. खाली वाकून बघितलं तर फरशी कोरडी.

"नवीन ट्रे पाहिजे," तिनं तीनप्रतीला सांगितलं.

"जुन्याला काय झालं?"

"गळतोय."

"ओल दाखवा."

"ओल नाहीये."

"मग गळतोय कशावरून?" तो खरोखरच गोंधळला होता. "कारणाच्या रकान्यात काय लिहू मी? ट्रेमधलं पाणी आपोआप जातं?"

"लिही. तीनदा लिही."

गुरुवारी दुपारी नवा ट्रे मिळाला, जाड पत्र्याचा, जोड नसलेला. संध्याकाळी तोही अर्धा. तिनं पेन्सिलीनं आत रेघ मारली. शुक्रवारी सकाळी दुसरी मारली, तिसरी मारली. रेघांखाली पाणी दोन-दोन बोटं उतरत होतं. दिवस गरम असता तर तिनं उन्हाला शिव्या घातल्या असत्या. दिवस ढगाळ होते आणि तळघरात गारठा होता.

शुक्रवारी ती इतकी वैतागली होती की दुपारी जेवायला जाताना पातं साध्या पाण्याच्या ट्रेमध्येच विसरली. पोलाद तासभर पाण्यात! जेवून परतताना जिन्यात आठवलं तशी धावत खाली आली. आता सगळं लाल झालं असेल, गंजानं खाल्लं असेल, आणि पाटी खरी ठरेल. बाबांचा नाही, तिचा निष्काळजीपणा.

दारातच तिला आवाज ऐकू आला.

घट्...

मग काही नाही. एखादा माणूस श्वास घ्यायला थांबतो, तेवढाच वेळ.

घट्... घट्...

शेजारच्या खोलीत कुणी घाईघाईनं पाणी प्यावं तसा. पण शेजारी खोली नव्हती. नळ बंद होता. खिडकीतून एक जोडी पाय गेली, दुसरी गेली. तिनं ट्रेमध्ये बघितलं. तळाला थेंब नव्हता, आणि पातं कोरडं होतं. गंजाचा ठिपका नाही. टोकाला मात्र, बोटाच्या दोन पेरांइतकं, काळपट राखाडी रंगात लहरी उमटल्या होत्या. इतकं सुंदर पाणी तिनं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तिथं हिराकस लावलेलाच नव्हता. सकाळी साबणानं धुऊन, पुसून ठेवलेलं पातं होतं ते.

खोलीत एक वास पसरला होता. फार खोल, फार दिवस बंद असलेल्या विहिरीचा.

ती स्टुलावर बसली. 'पाणी देऊ नये.' तीनप्रतीचा आवाज कानात आला: पाणी देऊ नये म्हणजे पाणी देऊ नये. बाबांची हलणारी मान दिसली. रक्ताची तहान असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. तलवारच ती. पण हे...

तिथंच थांबायचं होतं. पातं पुसायचं, तेल लावायचं, चादरीत बांधायचं आणि वर पाठवून द्यायचं. बाबांनी तेच केलं होतं. अर्ध्यावर थांबले, तोंड मिटून घेतलं, आणि त्याचं फळ म्हणून अकरा वर्षं पितळ घासलं. तिनं मान वर केली. समोर कागद होता. 'निष्काळजी हाताळणीमुळे.' ज्या माणसानं सावध राहून हात काढून घेतला त्यालाच निष्काळजी म्हणतात, आणि आता ते छापून काचेत लावणार, शाळेची पोरं रांगेनं वाचणार. भीतीपेक्षा संताप मोठा निघाला. ती उठली आणि नळ सोडला.

शनिवारभर ती ओतत राहिली. बादलीमागं बादली. दर बादलीला बोटभर लहरी चढत, टोकाकडून मुठीकडे. आवाजाची तिला सवय झाली. तो थांबला की तीच अस्वस्थ व्हायची आणि पुढची बादली भरायची. रविवारी संग्रहालय बंद असतं. रखवालदाराकडून किल्ली घेऊन ती आली, आणि एक लक्षात आलं, की सकाळपासून तिनं स्वतः घोटभरही पाणी प्यायलेलं नाही. पाण्याकडे बघितलं की ते आपलं नाही असं वाटायचं.

सोमवारी छतावरची टाकी रिकामी झाली. दोन दिवसांवर उद्घाटन आणि सगळ्या इमारतीत नळाला फुसकारा. फीतसाहेब जिन्यावरूनच ओरडत आले.

"मोऱ्या कोरड्या! पाहुणे येणार, आणि हात धुवायला... नळ कुणी उघडा टाकला?" मग त्यांची नजर टेबलावर गेली आणि आवाज खाली आला. "आलं की हो! बाई... आलं की पाणी!"

चारातले तीन हिस्से लहरी आल्या होत्या. मुठीकडची वीतभर जागा तेवढी कोरी.

"उद्या संध्याकाळपर्यंत पुरं करा. अर्धवट लावता येणार नाही मला. अर्धवट म्हणजे खराबच दिसतं ते."

पण ती वीतभर जागा हटून बसली. तिनं बाहेरच्या नळावरून पाणी आणलं. ट्रे रिकामा झाला, लहर केसभरही पुढं सरकली नाही. विकतच्या बाटल्या आणल्या, ओतल्या, संपल्या. काही नाही. पाणी जात होतं आणि दिसत नव्हतं. मंगळवारी दुपारपर्यंत तिचे ओठ फुटले होते. ती पात्यावर ओरडली, अगदी नावं ठेवून ओरडली. मग तशीच तडक घरी गेली.

बाबा खुर्चीत होते. हाताशी जग, काठोकाठ. तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तुम्ही लिहिलं होतंत. सरळ लिहिलं होतंत, आणि मीच... आता थांबता येत नाही, बाबा. थांबले तर ती पाटी लागेल. आणि ते आणखी घेतच नाही. काहीही ओतलं तरी..."

बाबा ऐकत होते. मग अगदी स्पष्ट म्हणाले, "वीतभर."

किती जागा उरली हे तिनं सांगितलं नव्हतं.

"वीतभर," बाबा पुन्हा म्हणाले. "माझी."

आणि डाव्या हातानं त्यांनी जग तिच्याकडे सरकवला. टेबलावर काच घासली गेली. एकतीस वर्षांत त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

"नको, बाबा. तुम्हाला..."

"घे गं, पोरी."

तिनं घेतला. रस्ताभर तो दोन्ही हातांनी छातीशी धरून चालली. एक थेंब सांडला नाही. संग्रहालय बंद व्हायच्या सुमारास तिनं तो जग ट्रेमध्ये ओतला आणि डोळे मिटून घेतले. या वेळी मध्ये श्वास नव्हता. एकच लांब, शांत घोट.

डोळे उघडले तेव्हा पातं टोकापासून बुडापर्यंत लहरींनी भरून गेलं होतं.

बुधवारी फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. काचेच्या पेटीखाली नवी पाटी होती: 'या पात्याचे मूळ पाणी अबाधित आहे.' जुना कागद तिनं भिंतीवरून स्वतः काढला आणि स्वतः फाडला, आधी दोन, मग चार, मग मोजता येणार नाहीत एवढे तुकडे. संध्याकाळी पाटीचं वाक्य तिनं बाबांना वाचून दाखवलं. ते हसले. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यानंच, पण हसले. जग तिनं धुऊन, भरून हाताशी ठेवला होता. रात्रीचं जेवण झालं तरी तो भरलेलाच होता.

"पाणी घ्या ना, बाबा."

"नको."

सकाळी ती निघाली तेव्हाही जग काठोकाठ होता. बाबा खिडकीकडे तोंड करून शांत बसले होते. सुटली एकदाची ती तहान, तिला वाटलं. पोटभर पाणी प्यायल्यावर माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते ते.

दालनाच्या दारात तीनप्रतीनं तिला अडवलं. त्याच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या होत्या.

"ताई, तुम्हीच सांगा, मी तक्रार कुणाकडे करू? काल दोन खोकी मागवली. या दालनातनं बाहेर येतो तो माणूस पाणी मागतो. आणि हे बघा." त्यानं एक बाटली तिच्या डोळ्यांसमोर धरली. झाकणाचं सील शाबूत होतं. बाटली अर्धी होती. "सगळ्या अशाच. उघडलेली एक नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

ती त्याच्या बाजूनं दालनात शिरली. आत फीतसाहेब अभिप्रायाची वही चाळत होते. पेटीजवळ दुसरं कुणी नव्हतं. काचेमागं पातं ओलं असल्यासारखं चमकत होतं.

"या, या, बाई! लोक जाणते झालेत हो. मला वाटलं होतं यांना धंद्यातला शब्द काय कळणार." ते वाचू लागले. "'काय पाणी!' 'पाणी.' हे लहान मुलाचं अक्षर: 'पाणी पाणी.' हे आजोबा कुणीतरी: 'पाणी.' चार पानं भरलीत, सगळी हीच दाद. एक मात्र निघालाच खवचट. आत्ताच लिहून गेला असणार, मी आलो तेव्हा पान कोरं होतं. कूलरबद्दल तक्रार आहे." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "पाणपोईच बसवून टाका म्हणावं आता!"

शेवटच्या ओळीत तीन शब्द होते. 'पाणी पुरत नाही.'

'पाणी'ची दुसरी वेलांटी मागं ओढत नेलेली होती, साऱ्या शब्दावर छत धरल्यासारखी.

तिनं त्या छतावर अंगठा ठेवला. शाई ओली होती. त्या दालनात ओलं असं तेवढंच होतं, आणि अंगठ्याखाली तेही वाळत चाललं होतं.